व्हिडिओ कॉन्फरन्सिंग : कामाच्या दौऱ्याला पर्याय

कामासाठी परगावी किंवा परदेशी न जाता, बसल्या जागेवरून एकमेकांना पाहत-ऐकत बैठक, मुलाखत किंवा साक्ष पार पाडण्याची पद्धत. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत तिला नुसते ‘व्हीसी’ म्हणतात.

अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात बोलणाऱ्याचे चित्र दाखवणारा ‘पिक्चरफोन’ मांडला आणि १९७० मध्ये पिट्सबर्गमध्ये त्याची सेवा सुरू केली. महिन्याचे भाडे १६० डॉलर होते. गिऱ्हाईक जमले नाही. पुढे मोठ्या कंपन्यांनी खास खोल्या सजवल्या, पण यंत्रे आणि लाइन यांवरच इतका पैसा जाई की दौरे टाळून काही वाचे, असे ठामपणे म्हणता येत नसे. आयएसडीएन लाइन (आवाज आणि चित्र अंकीय रूपात नेणारी टेलिफोन लाइन) आणि नंतर इंटरनेट आल्यावर खर्च उतरला. तरीही प्रवासाची सवय मोडली ती बहुधा नाइलाजाने. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातली विमाने जमिनीवर राहिली, तेव्हा थोडी. २०२० च्या टाळेबंदीत पुरती.

भारतात अडचण केवळ तंत्राची नव्हती, ‘हजर’ कोणाला म्हणायचे याचीही होती. तिचा निकाल लागला तो मुंबईतल्या एका खटल्यात. साक्षीदार डॉक्टर न्यूयॉर्कचे, आणि भारतात यायला तयार नाहीत. दंडाधिकाऱ्यांनी दिलेली व्हिडिओ साक्षीची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ (देसाई हे आरोपी) या प्रकरणात एप्रिल २००३ मध्ये ती ग्राह्य धरली : साक्ष आरोपीसमोर झाली पाहिजे, पण समोर म्हणजे त्याच खोलीत असे नव्हे. कंपन्यांच्या बाबतीत २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७३ ने संचालकांना पडद्यावरून बैठकीत बसण्याची मुभा दिली. मात्र वार्षिक हिशेब, विलीनीकरण असे विषय नियमांनी त्यातून वगळले होते. ही आडकाठी जून २०२१ मध्ये निघाली.

सगळे दौरे सारखे नसतात. आढावा बैठक, मुलाखतीची पहिली फेरी, शाखांना सूचना देणे ही कामे पडद्यावर बिनदिक्कत होतात. त्यांसाठी माणसे कधी काळी रात्रीची गाडी पकडत, हेच आता नवल वाटते. यंत्र बसवणे, कारखान्याची पाहणी किंवा नव्या गिऱ्हाइकाशी पहिला सौदा यांना मात्र जावेच लागते. शिवाय प्रवास वाचला तरी घड्याळ सुटत नाही. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यातले सकाळचे नऊ म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेनऊ, आणि जागरण बहुतेकदा पुणेकराच्याच वाट्याला येते.

व्यावसायिक प्रवासातला निम्म्याहून अधिक वाटा कायमचा जाईल, असे भाकीत बिल गेट्स यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये केले होते. टाळेबंदी उठल्यावर विमाने पुन्हा भरली. पडदाही गेला नाही. दौऱ्याआधीच्या आणि नंतरच्या बैठका त्याच्याकडेच राहिल्या.