घाटावरचं पाणी कुठे, घाटाखालचं कुठे

बुलढाणा जिल्ह्यात तालुके दोन प्रकारचे: घाटावरचे आणि घाटाखालचे. चिखली, मेहकर, लोणार वर. मलकापूर, नांदुरा, शेगाव खाली. बोलताना हा फरक हवेचा आणि पिकांचा असतो. पण याच घाटाच्या माथ्यावरून देशाची एक मोठी जलविभाजक रेषा जाते. माथ्याच्या दक्षिणेचा पाऊस पैनगंगेत उतरतो आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला मिळतो. उत्तरेचा पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगेतून पूर्णेत, चांगदेवजवळ तापीत आणि सुरतेपलीकडे अरबी समुद्रात जातो. अरबी समुद्र बुलढाण्यापासून सरळ रेषेत जेमतेम साडेतीनशे किलोमीटरवर आहे. पैनगंगेच्या पाण्याला मात्र हजाराहून जास्त किलोमीटरची वाट तुडवावी लागते.

देशाच्या सुमारे ७७ टक्के भूभागाचं पाणी पूर्वेला जातं आणि उरलेलं पश्चिमेला. या दोन वाट्यांमधली सीमा सह्याद्रीत कड्यासारखी उभी दिसते. विदर्भात ती अजिंठ्याच्या रांगेतून वाशीमच्या पठारावर येते, अमरावतीच्या पूर्वेच्या टेकड्यांवरून सातपुड्यात चढते आणि मुलताईला पोचते. तिथे तर तापी आणि वर्धा एकाच परिसरात उगम पावून एकमेकींकडे पाठ फिरवतात. वाशीमकडे ही सीमा डोळ्यांना दिसतही नाही. काटेपूर्णा उत्तरेला निघते, अडाण आणि अरुणावती पैनगंगेकडे. मध्ये असते साधी बरड जमीन. धुऱ्याच्या दोन बाजूंची वावरं दोन समुद्रांची असू शकतात.

आपलं गाव कोणत्या बाजूला, हे पाहायचं तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्यावा. त्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, बहुधा २० मीटर उंचीच्या अंतराने असतात. नाला ओलांडताना त्या रेषेचं टोक उगमाकडे वळतं, म्हणजे पाणी टोकाच्या उलट दिशेला वाहतं. नाला नदीला मिळेपर्यंत बोट सोडायचं नाही. चूक दोन ठिकाणी होते. कालव्याची निळी रेघ नदी समजली जाते, आणि कालवा तर जलविभाजकही ओलांडू शकतो. दुसरी चूक पूर्णेची. देऊळगाव राजाकडची खडकपूर्णा ही गोदावरीची पूर्णा. अकोला जिल्ह्यातून जाते ती तापीची. नाव ऐकून खोरं ठरवू नये.

सगळं दख्खन पूर्वेला कललेलं असताना तापी पश्चिमेला का जाते? सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीला मोठे भ्रंश, म्हणजे जमीन सरकलेल्या खोल भेगा, आहेत, त्यांतला एक गाविलगडचा. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली, लांबट खोलगट पट्टा तयार झाला, नद्या त्याच पट्ट्याने पश्चिमेला निघाल्या आणि त्यात लाखो वर्षं गाळ साचत गेला. पूर्णेच्या खोऱ्यात हा गाळ शेकडो मीटर जाड आहे. अमरावती, अकोला, बुलढाण्याचा खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा भाग, याच गाळावर आहे. बारीक चिकणमातीतून पाणी फारसं खेळत नाही, त्यामुळे क्षार धुऊन निघत नाहीत. बोअर खोल नेलं की पाणी गोड होण्याऐवजी खारटच होत जातं. तेच पाणी पिकाला दिलं की सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, भेगा मिटतात आणि वर पापुद्रा धरतो. पुढचा पाऊस मग आत मुरतच नाही. सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, अचलपूर-अकोटच्या बाजूला, गाळ जाड गोट्यांचा आहे आणि विहिरींना गोडं पाणी लागतं. अंतर काही कोसांचं, पण शेती वेगळी.

खारपाणपट्ट्यात म्हणून शेततळंच कामाचं. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात, बाजूंना १:१ उतार धरून, २,१९६ घनमीटर पाणी मावतं. एक तृतीयांश वाफ आणि झिरप गेली असं धरलं, तरी ५ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी सुमारे ७ एकरांना होते. खारं भूजल वर असेल तिथे ३ मीटरही खोदू नये. खालून खारं पाणी झिरपून तळं नासतं.

पूर्वेकडे प्रश्न उलटा. चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि तिथून प्राणहिता होते, लांबी फक्त ११३ किलोमीटर. पण तिच्यामागे सुमारे १.०९ लाख चौरस किलोमीटरचा पाणलोट, म्हणजे गोदावरी खोऱ्याचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग. खाली गोदावरी भरलेली असली की प्राणहितेचं पाणी तुंबून मागे फुगतं, आणि दोघींच्या संगमाजवळच्या सिरोंच्यात ऊन असताना नाल्यांतून उलटं पाणी गावात शिरतं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराचा पाऊस मुख्यतः वर मध्य प्रदेशात पडला होता. नदीकाठच्या गावांनी म्हणून आपल्या आभाळाकडे कमी आणि वैनगंगेवरच्या संजय सरोवर, गोसीखुर्द या धरणांच्या विसर्गाच्या आकड्यांकडे जास्त पाहावं.

माणसाने ही सीमा नळाने कधीच ओलांडली आहे. अमरावती शहर ऊर्ध्व वर्धा धरणाचं, म्हणजे गोदावरी खोऱ्याचं पाणी पितं आणि शहराचे नाले पेढी नदीवाटे पूर्णेकडे जातात. आता गोसीखुर्दपासून नळगंगेपर्यंत सुमारे ४२६ किलोमीटरचा जोडकालवा ठरला आहे. गोसीखुर्दची पूर्ण संचय पातळी २४५.५ मीटर, तर अमरावती सुमारे ३४० मीटरवर; तेव्हा उपसा चुकत नाही. एक घनमीटर पाणी १०० मीटर चढवायला, पंपाची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर, सुमारे ०.३६ युनिट वीज लागते. एकरी ५ सेंटिमीटरच्या एका पाळीला २०२ घनमीटर लागतात, म्हणजे ७३ युनिट. कालव्यातली गळती यात धरलेली नाही.