उन्हात वाळत घातलेला कॅमेरा

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घराच्या गच्चीवर मे महिन्यात पापड, सांडगे, कुरडया वाळत असतात. यंदा त्यांच्या रांगेत काकांचा कॅमेराही होता. साठच्या दशकातला, जपानी, हातात घेतला की मनगट दुखेल असा. त्याच्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा भर उन्हातही अर्धवट उठायचा. राजवाड्याजवळच्या एका दुकानात दाखवला, तर दुकानदार म्हणाला, "इसमें बैटरी नहीं लगती भिया, सोलर सेल है. तीन-चार दिन धूप में रख दो, चार्ज हो जाएगा." काकूंनी पापडांबरोबर तोही उलथापालथा केला. चौथ्या दिवशी पापड कडकडीत झाले, काटा होता तिथेच.

घोटाळा 'सेल' या शब्दाचा आहे. भिंतीवरच्या घड्याळातला सेल म्हणजे पाण्याची टाकी. कॅमेऱ्यातला, सेलेनियम या मूलद्रव्याचा सेल म्हणजे पन्हळ. पाऊस पडतोय तोवर वाहते, थांबला की कोरडी. तिच्यात काही साठतच नाही, तर चार्ज काय होणार? उलट, तापलेल्या गच्चीवर ठेवून आम्ही त्याचं थोडं नुकसानच केलं असणार, कारण या सेलला उष्णता मानवत नाही.

सेलेनियमचा हा गुण योगायोगाने कळला. १८७३ साली विलोबी स्मिथ हे इंग्रज अभियंते समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींची तपासणी करत होते. त्यासाठी वापरलेल्या सेलेनियमच्या कांड्यांचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, काही केल्या स्थिर राहीना. उजेड पडला की रोध उतरायचा. तीनच वर्षांनी अ‍ॅडम्स आणि डे यांनी दाखवलं की उजेडात सेलेनियम स्वतःच वीज तयार करतं. १९३५ मध्ये असा मीटर अंगातच बसवलेला कॅमेरा बाजारात आला.

(नावात चंद्र आहे, सेलीन ही ग्रीकांची चंद्रदेवता. त्या जोरावर ऑनलाइन 'सेलेनाइट'चे खडे विकतात आणि पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवून 'चार्ज' करायला सांगतात. त्या खड्यात सेलेनियम औषधालाही नसतं. ते साधं जिप्सम, प्लास्टर ऑफ पॅरिस ज्याच्यापासून करतात ते.)

आता सेलच्या आत डोकावू. धातूच्या पत्र्यावर करड्या, स्फटिकी सेलेनियमचा पातळ थर असतो. त्यावर वीज वाहील पण उजेडही आरपार जाईल असा आणखी एक अतिपातळ थर, आणि कडेने धातूचं कडं. सगळी मजा या दोन थरांच्या सीमेवर घडते. पंगत डोळ्यांपुढे आणा. पाटांवर इलेक्ट्रॉन बसलेत, हलायला जागा नाही. प्रकाशाचा एक कण येतो आणि एकाला उठवतो. तो मोकळा झाला आणि मागे पाट रिकामा राहिला. शेजारचा त्या पाटावर सरकला की रिकामी जागा पलीकडे जाते, म्हणजे रिकामा पाटही 'चालतो'. एरवी उठलेला परत जवळच्या पाटावर बसला असता आणि सगळं मुसळ केरात. पण सीमेवर मुळातच एक विद्युतक्षेत्र असतं. ते इलेक्ट्रॉनला एका बाजूला ढकलतं, रिकाम्या पाटाला दुसऱ्या. दोघांना भेटायचं तर बाहेरच्या तारेतून, मीटरच्या कॉइलमधून वळसा घालून जावं लागतं. त्या वळशाने कॉइल फिरते, काटा हलतो. जितके कण, तितके उठलेले, तितका काटा वर.

पण सीमा एका दिशेला दार लावते आणि दुसऱ्या दिशेला उघडं ठेवते, म्हणजे ती डायोडही असते. बाहेरची वाट सोपी असेल तर प्रवाह बाहेरून जातो. वाटेत रोध वाढला की सेलच्या दोन टोकांमधला विजेचा दाब (व्होल्टेज) चढतो, आणि एका मर्यादेपलीकडे डायोड आतूनच वाट करून देतो. कॉइलच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. मंद उजेडात प्रवाहच थोडा, दाब चढत नाही, म्हणून काटा बरोबर. कडक उन्हात मात्र तो मार खातो. याउलट सेलच थकला असेल, किंवा कडेने ओल शिरून आत गळती लागली असेल, तर घट साधारण सगळीकडे सारखी दिसते. समजा, गळतीच्या वाटेचा रोध कॉइलइतकाच, हजार ओहम, झाला. मग निम्मा प्रवाह आतच जिरेल, म्हणजे सगळीकडे एक स्टॉप कमी. (फोटोग्राफीत उजेड निम्मा किंवा दुप्पट होणं म्हणजे एक स्टॉप.)

हे लक्षात आल्यावर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून आधी दोन ठिकाणी मोजलं. उन्हात मोजायला दुसरा मीटर लागत नाही: आयएसओ २०० ची (हा फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) फिल्म, स्वच्छ ऊन, तर १/२५० सेकंदाला एफ १६. (एफ म्हणजे भिंगाच्या छिद्राचं माप, आकडा लहान तितकं छिद्र मोठं.) इंदुरात बांधकाम खात्यात नोकरी करता करता फोटोग्राफीकडे वळलेल्या राजा दीनदयाळांकडे कुठे मीटर होता! काकांचा कॅमेरा त्या उन्हात एफ ४ सांगत होता, चार स्टॉप चुकून. ओसरीत मोबाइलच्या मीटरशी ताडून पाहिलं तर चूक एकाच स्टॉपची. म्हणजे मोठा दोष वाटेत, छोटा सेलमध्ये.

वरचं झाकण काढलं. काटा मोकळा आहे ना, हे दीड व्होल्टच्या सेलला एक लाख ओहमचा रेझिस्टर जोडून पाहिलं. त्यातून १५ मायक्रोअँपिअर जातात, काटा लगेच उठला. (मल्टीमीटरचा ओहम-पट्टा थेट कॉइलला लावू नका, नाजूक कॉइल त्या प्रवाहाने जाऊ शकते.) मग सेलच्या कड्यावर टेकणारी पितळी पट्टी दिसली, हिरवट काळी. टूथपिकने दाबली तसा काटा ताडकन वर! खोडरबराच्या टोकाने पट्टी घासली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, जरा वाकवून ताण वाढवला. डाग द्यायचा मोह आवरला. कडं कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचं असतं, सोल्डरिंगचा गन टेकला की सेल संपला.

आता ऊन असो की ओसरी, मीटर एकच स्टॉप कमी दाखवतो. म्हणजे तो प्रकाश निम्मा समजतो आणि छिद्र जास्त उघडायला सांगतो. फिल्मच्या आकड्याची चकती दुप्पट आकड्यावर ठेवली की हिशेब जुळतो. काकांनी कॅमेऱ्याच्या बुडाला पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलंय: "फिल्म २००, चकती ४०० वर." काकूंनी गच्चीवरून विचारलं, पुन्हा वाळवायचाय का.