१४० की १८०? कॅम्पर व्हॅनच्या इंजिनाचं गणित

युरोपात कॅम्पर व्हॅन घ्यायला गेलं की आतला पलंग, ओटा, संडास यांची निवड झटपट होते आणि गाडं अडतं ते इंजिनापाशी. फियाट डुकाटोचंच घ्या. तिथल्या कितीतरी कॅम्पर कंपन्या याच मालवाहू व्हॅनवर आपलं फिरतं घर उभारतात. २०२१ च्या मॉडेलपासून तिच्यात २.२ लिटरचं डिझेल इंजिन येतं आणि ते १२०, १४०, १६० आणि १८० हॉर्सपॉवर अशा चार अवतारांत निघालं. सिलिंडर चारच, आकारमान तेच २,१८४ सीसी. दर फेऱ्याला सिलिंडरमध्ये किती हवा आणि किती डिझेल कोंबायचं, मुख्य फरक तिथे. मग घरात वाद सुरू. एकाचं म्हणणं, ‘अख्खं घर ओढायचंय, ताकद हवीच.’ दुसऱ्याचं, ‘सुट्टीवर निघालोय, शर्यतीला नाही.’ हा वाद अकरावीच्या भौतिकशास्त्रात सुटतो, म्हणून आकडे मांडून बघू.

समजा, सगळं सामान भरून गाडीचं वजन ३,५०० किलो आहे. युरोपात साध्या कारच्या लायसन्सवर साधारण एवढीच जड गाडी चालवता येते, त्यामुळे बहुतेक कॅम्पर या मर्यादेला टेकलेल्याच असतात. सपाट रस्त्यावर इंजिनाला दोनच गोष्टींशी झगडायचं असतं. एक म्हणजे टायरांचं रस्त्याशी होणारं घर्षण. ते वजनाच्या शंभराव्या हिश्शाएवढं, इथे सुमारे ३४० न्यूटन, आणि वेगाने फारसं बदलत नाही. दुसरी हवा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो विरोध दुप्पट वेगाने ढकलत न्यायचा म्हणजे लागणारी ताकद आठपट.

पत्र्याच्या साध्या व्हॅनसाठी हिशेब केला तर चाकांपाशी ताशी ८० किमीला २७ हॉर्सपॉवर लागतात, १०० ला ४५ आणि १३० ला ८६. गिअरबॉक्समध्ये दहाएक टक्के वाया जातात असं धरलं तरी ताशी १०० ने जायला इंजिनातून पन्नासच निघावे लागतात. म्हणजे सर्वांत स्वस्त, १२० चं इंजिनसुद्धा निम्म्याहून कमी ताकदीवर निवांत चाललेलं असतं.

आता याच चॅसिसवर ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंगाची पेटी काढलेलं उंच, चौकोनी मोटारहोम चढवा. वजन तेच, पण हवेला आडवी जाणारी भिंत केवढी तरी मोठी आणि आकारही बोथट. इंजिनापाशी ताशी १३० ला लागणारी ताकद जवळजवळ १४५ वर जाते. १४० चं इंजिन इथे पाय पार दाबूनही पुरं पडणार नाही. १८० चं पुरेल, पण ते जास्तीचे घोडे तुम्ही हवेला खाऊ घालताय आणि त्यांचा चारा डिझेलच्या पंपावर मिळतो. माझं मत विचाराल तर अशा गाडीने ताशी १०० च्या पुढे जाऊच नये. इंजिन कुठलं घ्यायचं याआधी डोक्यावर पेटी हवी की नको हे ठरवावं. हॉर्सपॉवरची गरज कमी-जास्त करणारा तो मोठा निर्णय आहे, आणि शोरूममध्ये त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही.

घाटाचं काय? ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोकनरचा रस्ता १९३५ साली खुला झाला. तो २,५०४ मीटरवरच्या खिंडीपर्यंत चढतो आणि काही ठिकाणी चढ १२ टक्क्यांचा आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की बारा मीटर वर. अशा चढावर गुरुत्वाकर्षण एकटंच सुमारे ४,१०० न्यूटनने गाडी मागे खेचतं. हवा आणि टायर यांचा विरोध त्यापुढे किरकोळ. ताशी ५० किमीने चढायचं तर इंजिनातून शंभराच्या आसपास हॉर्सपॉवर निघायला हवेत. म्हणजे १२० चं इंजिनही वर पोचवणारच.

मग ‘गाडी चढाला ओढत नाही’ ही तक्रार येते कुठून? ब्रोशरवर छापलेले घोडे इंजिन जोरात फिरल्याशिवाय गोठ्यातून बाहेर येतच नाहीत. इंजिन त्या क्षणी किती ताकद देतंय हे काढायची सोपी रीत आहे. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये घ्यायचा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं आणि ७,००० ने भागायचं. १४० च्या डुकाटोचा टॉर्क ३५० आहे. तिला शंभर हॉर्सपॉवर द्यायला २,००० फेरे लागतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या १८० चा टॉर्क ४५०. तिचे शंभर १,५५० फेऱ्यांनाच हजर. चढ तोच, वेग तोच, वर पोचायची वेळही तीच. एकात तुम्ही गिअर पाडता आणि इंजिनाची घरघर वाढते, दुसऱ्यात गप्पा चालू राहतात. जास्तीचे पैसे मोजून तुम्ही घाटात विकत घेता ती शांतता. ती ज्याला हवी त्याने जरूर घ्यावी, पण ‘लहान इंजिन चढणारच नाही’ या भीतीपोटी घेऊ नये.

डिझेलची बचतही फारशी होत नाही. तेवढंच वजन तेवढ्याच उंचीवर नेताना काम तेवढंच असतं. त्या १२ टक्क्यांच्या चढावर गाडी लिटरला तीन किलोमीटरही देत नाही, इंजिन कुठलंही असो. जाळलेल्या डिझेलमधली साधारण पाव ऊर्जा रेडिएटरवाटे बाहेर टाकावी लागते. इथे ती ४५ ते ५० किलोवॅट भरते, म्हणजे बाथरूममधले बावीस-पंचवीस गिझर एकदम चालू असल्याएवढी उष्णता. समोरून वारा मात्र ताशी ५० चाच, आणि मागून वारा असेल तर तोही नाही. म्हणून लांबच्या चढावर तापमानाच्या काट्यावर नजर हवी. काटा वर सरकू लागला की पाय सैल करायचा आणि गिअर खाली घ्यायचा, म्हणजे पाण्याचा पंप जोरात फिरतो.

उंचीवर हवा विरळ होते. अडीच हजार मीटरवर ती समुद्रसपाटीपेक्षा पाचव्या हिश्शाने कमी असते. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. १९८१ मध्ये फोक्सवॅगनने आपल्या टी-३ व्हॅनमध्ये १.६ लिटरचं, टर्बो नसलेलं ५० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन दिलं होतं. गणिताने बघितलं तर सामान भरलेली तशी व्हॅन ग्रोसग्लोकनरच्या माथ्याजवळ ताशी तीसच्या आसपास रेंगाळेल. तरी लोक त्या गाड्या घेऊन आल्प्स पालथे घालत होते.

जास्तीची ताकद खरोखर कामाला येते ती ओव्हरटेकला. ट्रकच्या मागे ताशी ८० ने चालताय आणि १०० गाठून पुढे जायचंय. गिअर नेमका पडला तर १४० ला सुमारे आठ सेकंद लागतील, १८० ला साडेपाच. दुपदरी रस्त्यावर हे अडीच सेकंद मोलाचे. मोटरवेवर त्यांना काही किंमत नाही. उतारावर तर चारही इंजिनं सारखीच. तिथे ताकद लागत नाही, खालचा गिअर लागतो, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी व्हायला लागतात.

लहान इंजिन घेऊन नंतर सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची, हा सल्ला हमखास मिळतो. बाकीचं इंजिन तेच आहे, हे त्यामागचं तर्कशास्त्र. पण क्लच त्या टॉर्कसाठी बनवलेला असतोच असं नाही, एक्झॉस्टचं तापमान वाढतं आणि वॉरंटी, विमा दोन्ही अडचणीत येतात. मी तरी करणार नाही.

आपल्याकडे एकाच व्हॅनमध्ये चार इंजिनं मिळत नाहीत, निवड व्हॅनचीच करावी लागते. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलर आणि अर्बेनियावर कॅरॅव्हॅन बांधून घेतल्या जातात. २.६ लिटरचं डिझेल, ११५ हॉर्सपॉवर, टॉर्क ३५०. शेजारी टाटा विंगर ठेवा: २.२ लिटर, १०० हॉर्सपॉवर, टॉर्क २००. ब्रोशरवर फरक पंधराचा. मघाची रीत लावली तर २,००० फेऱ्यांना फोर्सकडे शंभर हॉर्सपॉवर आहेत आणि विंगरकडे ५७. विंगरही घाट चढते, पण तिचे शंभर हवे असतील तर इंजिन ३,५०० च्या आसपास फिरवत ठेवावं लागतं. हलकी कॅरॅव्हॅन बांधायची असेल तर ते चालून जातं. मागे शंभर लिटरची पाण्याची टाकी, बॅटऱ्या, एसी आणि चौघांचं सामान लादलं की कसारा किंवा आंबोली चढताना दर वळणाला सेकंड टाकत बसावं लागेल.

टेस्ट ड्राइव्ह मिळते ती रिकाम्या गाडीची, तीही शहरातल्या सपाट रस्त्यावर, आणि तिथे सगळ्याच गाड्यांचा पिकअप झकास वाटतो. त्यापेक्षा तशीच बांधलेली एखादी कॅरॅव्हॅन दोन दिवस भाड्याने घ्यावी, टाकी काठोकाठ भरावी, घरची सगळी माणसं बसवावीत आणि एसी चालू ठेवून घाटातल्या एखाद्या अवघड वळणावर गाडी पूर्ण थांबवून पुन्हा उचलून बघावी.