सुटका, पण कोणाच्या हमीवर?

मनोरुग्ण आरोपीचा निकाल लागतो, 'गुन्हा नाही'. तरी गाडी घराकडे वळत नाही.

भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुनं भादंवि ८४, नुसत्या आजाराला सूट देत नाही. कृत्य करताना आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदेशीर आहे, हे मनोविकारामुळे कळतच नव्हतं, हे आरोपीला दाखवावं लागतं. आणि कृत्य त्याच्याच हातून घडलं असेल, तर न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवतं किंवा नातेवाइकाच्या हमीवर सोपवतं. कोल्हापूरकरांसाठी हा ताबा म्हणजे कळंबा कारागृह, नाहीतर आंबा घाटापलीकडचं रत्नागिरीचं मनोरुग्णालय. त्याला मुदत नसते. स्वतःला वा इतरांना धोका नाही असा दाखला मिळाला, की सुटकेचा निर्णय राज्य सरकार घेतं.

हा धोका मोजायचा कसा? १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बॅक्स्ट्रॉम निकालामुळे, शिक्षा संपूनही धोकादायक ठरवून डांबून ठेवलेल्या ९६७ रुग्णांना न्यूयॉर्कच्या कडेकोट रुग्णालयांतून साध्या मनोरुग्णालयांत हलवावं लागलं. तिथले लोक धास्तावले होते. चार वर्षांत परत पाठवावे लागले तीन टक्क्यांहूनही कमी. बरेच जण उतारवयाकडे झुकलेले होते हे खरं. तरी डॉक्टरांचा अंदाज फारच चुकला.

यामागे साधं गणित आहे. समजा शंभरांत पाचच खरोखर धोकादायक आहेत आणि आपली पारख ८० टक्के अचूक आहे. त्या पाचांतले चार सापडतील, पण उरलेल्या ९५ पैकी १९ जणांवरही तोच शिक्का बसेल. म्हणजे चार जणांपायी एकोणीस जण नाहक आत.

म्हणून आता माणसावर कायमचा शिक्का मारण्याऐवजी त्याची परिस्थिती तपासतात. 'एचसीआर-२०' या पद्धतीत २० मुद्दे असतात. दहा भूतकाळातले, ते बदलत नाहीत. उरलेले दहा आजच्या प्रकृतीचे आणि पुढच्या सोयीचे, आणि माझ्या मते खरं काम तिथेच आहे. स्किझोफ्रेनियात 'बरं वाटतंय' म्हणून गोळ्या सुटतात, भास परततात. त्यात दारूची भर पडली तर धोका आणखी वाढतो. महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन इथे मोठा आधार ठरतं.

पण ते चुकू नये म्हणून शाहूवाडीच्या वाडीवरून लेकाला घेऊन एसटीनं कोल्हापूर गाठणार त्याची म्हातारी आई. हमीपत्रावर अंगठा तिचाच. ती गेल्यावर? घर नाही एवढ्याच कारणानं कोणाला मनोरुग्णालयात ठेवू नये, असं मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १९ बजावतं, आणि अशांसाठी निवाऱ्याची सोय करणं हे सरकारचं काम ठरवतं. तो निवारा जिल्ह्यातच हवा, इंजेक्शन देणारी नर्स जाऊ शकेल इतक्या अंतरावर.