आग्रितुरिस्मो

आग्रितुरिस्मो : शेतकऱ्याने शेतीचा धंदा चालू ठेवून स्वतःच्या शेतावर प्रवाशांची राहण्याजेवणाची सोय करण्याची इटलीतील पद्धती, तसेच अशी सोय असलेले शेतघर. ‘आग्रिकोल्तूरा’ (शेती) व ‘तुरिस्मो’ (पर्यटन) या शब्दांच्या जोडणीतून ही संज्ञा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. मराठीत तिला ‘कृषी पर्यटन’ म्हणतात. परंतु मूळ संज्ञेला जो कायदेशीर अर्थ आहे तो या प्रतिशब्दात उतरत नाही, म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे. इटलीच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या गणनेनुसार २०२० नंतरच्या काळात देशात अशी २५ हजारांहून अधिक शेतघरे होती. त्यांपैकी ५ हजारांहून अधिक एकट्या टस्कनी प्रदेशात, तर ३ हजारांहून अधिक उत्तरेकडील बोल्झानो या बहुसंख्य जर्मनभाषक प्रांतात आहेत.

इटालियन जीवनात काही दिवस मुरून राहावे अशा इच्छेने येणारे प्रवासी, विशेषतः उत्तर युरोपीय, या सोयीकडे का वळतात याची उत्तरे बहुधा निसर्ग, भोजन व निवांतपणा अशी दिली जातात. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. प्रवाशाला जे आवडते त्यातील बरेचसे, उदाहरणार्थ जुने दगडी घर, शेतातले जेवण, मोजकेच पाहुणे आणि यजमानाच्या कामाची लगबग, हे मालकाच्या रसिकतेपेक्षा कायद्याच्या अटींमुळे व एका मोडलेल्या कूळपद्धतीमुळे टिकले आहे.

उगम : या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. एक मत तिचा धागा प्राचीन रोमन ‘व्हिला’पर्यंत नेते. शहरातील कामकाज म्हणजे ‘नेगोत्सियुम’ आणि त्यापासूनची सुटका म्हणजे ‘ओत्सियुम’ असा भेद रोमन लेखक करीत. व्हॅरो व कॉल्युमेला यांच्या कृषिविषयक ग्रंथांत व्हिला हे उत्पन्नाचे साधन आणि मालकाच्या विसाव्याचे ठिकाण अशा दोन्ही अंगांनी येते. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या ‘टस्कन’ व्हिलाचे सविस्तर वर्णन एका पत्रात केले असून अपेनाइन्स पर्वतरांगेच्या पायथ्याची हवा, द्राक्षमळे व भेटीस येणाऱ्यांची कमी वर्दळ या गोष्टी त्याने आवडीने नोंदविल्या आहेत. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात सान जुस्तीनोजवळच्या उत्खननात प्लिनीच्या नावाची आद्याक्षरे उमटविलेल्या विटा-कौले सापडल्याने ही जागा बहुतेक निश्चित मानतात. गंमत अशी की ती आज टस्कनीत नसून उंब्रियात मोडते. तथापि व्हिलाचा मालक हा शेतकरी नव्हता आणि त्याचा पाहुणा पैसे मोजणारा नव्हता. त्यामुळे या मताने वृत्तीचे साम्य दिसते, संस्थेचे सातत्य सिद्ध होत नाही.

दुसरे मत ‘विल्लेज्जातूरा’ या प्रथेला मूळ मानते. पंधराव्या-सोळाव्या शतकांपासून व्हेनिस, फ्लॉरेन्स इ. नगरांतील धनिक कुटुंबे वर्षातून काही आठवडे आपल्या ग्रामीण वाड्यांत राहावयास जात. व्हेनिसमध्ये हे मुक्काम साधारणतः दोन असत : एक उन्हाळ्याच्या सुरुवातीस व दुसरा शरद ऋतूत. हे वेळापत्रक हवामानापेक्षा गव्हाची कापणी व द्राक्षांची तोडणी यांच्याशी जुळते, कारण मालकाला आपल्या वाट्याचे धान्य व रस स्वतःच्या नजरेसमोर मोजून घ्यावयाचा असे. वास्तुशिल्पी आंद्रेआ पाल्लादिओने व्हेनिसभोवतालच्या व्हेनेतो प्रदेशात बांधलेल्या व्हिलांच्या दोन्ही बाजूंना ‘बारकेस्सा’ नावाचे लांबच लांब पंख दिसतात. ती शोभा नसून धान्य, अवजारे व जनावरे यांची कोठारे होती. अठराव्या शतकात ही प्रथा इतकी प्रतिष्ठेची झाली की कर्ज काढून गावी जाणाऱ्या मध्यमवर्गीयांची टर उडविणारी तीन नाटके कार्लो गोल्दोनीने १७६१ मध्ये रंगभूमीवर आणली. गावी राहण्याची हौस या प्रथेने समाजात पसरवली हे मान्य करता येते. पण तीतही यजमान व पाहुणा एकाच वर्गाचे होते, आणि शेतकरी फक्त सेवेला होता.

तिसरे मत आल्प्सकडे बोट दाखविते. बोल्झानोचे नागरिक खोऱ्यातील उकाडा टाळण्यासाठी सतराव्या शतकापासून रेनोनच्या पठारावर जात. त्या मुक्कामाला जर्मन भाषेत ‘सोमरफ्रिशे’ म्हणतात. या भागातील ‘मासो’ म्हणजे वाटणी न होता एकाच वारसाकडे जाणारे अखंड शेतघर. ते मोठे असल्याने आणि शेतकरी मालक असल्याने खोल्या भाड्याने देणे त्याला शक्य झाले. या भागापुरते हे मत बिनतोड आहे, मात्र ते मध्य इटलीला लागू पडत नाही, आणि संख्येने व कीर्तीने आग्रितुरिस्मोचे केंद्र मध्य इटलीतच आहे.

मध्य इटलीपुरते बोलावयाचे तर चौथे मत अधिक ग्राह्य वाटते. टस्कनी, उंब्रिया, मार्के व एमिलिया-रोमान्या या प्रदेशांत मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून ‘मेत्झाद्रिया’ ही अर्धेलीची पद्धती होती. मालक जमीन व घर देई, कुळाचे सबंध कुटुंब राबे, आणि उत्पन्न निम्मे-निम्मे वाटले जाई. शिवाय सणावारी कोंबडे, अंडी असा नजराणा मालकाकडे पोचता करावा लागे. अशा एका कुटुंबाने कसावयाच्या जमिनीच्या घटकाला ‘पोदेरे’ आणि त्यावरील घराला ‘कासा कोलोनिका’ म्हणत. कुळाने शेतातच राहावे असा मालकाचा आग्रह असल्याने घरे गावात एकवटली नाहीत, टेकड्याटेकड्यांवर सुटी विखुरली. सरूच्या रांगेच्या टोकाशी एकटे उभे असलेले घर हे जे टस्कनीचे चित्र प्रवाशाच्या मनात असते, ते या कराराचा नकाशाच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांच्या आंदोलनांमुळे त्यांचा वाटा प्रथम ५३ टक्के, आणि १९६४ च्या कायद्याने ५८ टक्के करण्यात आला. याच कायद्याने मेत्झाद्रियाचे नवे करार करण्यास बंदी घातली. उरलेल्या करारांचे खंडाच्या करारांत रूपांतर १९८२ च्या कायद्याने घडविले. आपल्याकडील कूळकायद्याची आठवण येथे होणे साहजिक आहे, पण परिणाम वेगळा झाला. जमीन कुळाकडे जाण्याऐवजी कूळच जमीन सोडून गेले. १९५० ते १९७० या काळात लाखो लोक कारखान्यांकडे वळले आणि हजारो घरे ओस पडली. काही घरे पडली, काही परदेशीयांनी विकत घेतली. इंग्रज खरेदीदारांची एवढी रीघ लागली की टस्कनीतील किआंती टेकड्यांना ‘किआंतीशायर’ असे एका इंग्लिश परगण्याला शोभेल असे विनोदी नाव पडले. उरलेल्या घरांचे करावयाचे काय, या प्रश्नातून जमीनमालकांच्या ‘कॉनफाग्रिकोल्तूरा’ या संघटनेच्या आश्रयाने १९६५ मध्ये ‘आग्रितुरिस्त’ ही संस्था स्थापन झाली. ही पहिली राष्ट्रीय संस्था होय. लहान शेतकऱ्यांच्या संघटनांनी पुढे आपापल्या संस्था काढल्या. ‘तेर्रानोस्त्रा’ ही त्यांतील प्रमुख. म्हणजे चळवळीचा आरंभ मालकवर्गाकडून झाला, कुळांकडून नाही. लोकप्रिय वर्णनांत ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

कायदेशीर स्वरूप : ५ डिसेंबर १९८५ च्या ७३० क्रमांकाच्या कायद्याने आग्रितुरिस्मोची पहिली राष्ट्रीय व्याख्या केली. तीनुसार नागरी संहितेच्या २१३५ व्या कलमातील ‘कृषी उद्योजक’ व त्याचे कुटुंबीय यांनीच, स्वतःच्या शेताचा वापर करून, शेतीशी ‘संबद्ध व पूरक’ अशी पाहुणचाराची सेवा द्यावयाची, आणि शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे. २० फेब्रुवारी २००६ च्या ९६ क्रमांकाच्या कायद्याने ही चौकट बदलली. नव्या व्याख्येत ‘पूरक’ हा शब्द गळाला आणि ‘संबद्ध’ एवढाच उरला. हा बदल शाब्दिक वाटतो. पण पूरकतेची अट गेल्याने पाहुणचाराचे उत्पन्न शेतीपेक्षा अधिक असले तरी चालते, असा अर्थ काढण्यास वाव मिळाला. शेतीचे प्राधान्य पैशांत न मोजता मुख्यतः श्रमाच्या वेळेत मोजावे असे कायदा सुचवितो : वर्षभरात शेतीला किती तास लागतात व पाहुण्यांना किती, याचे कोष्टक प्रत्येक प्रदेश ठरवितो. पाहुणे १० पेक्षा अधिक नसतील तर शेतीच प्रधान आहे असे गृहीत धरले जाते. २००१ च्या घटनादुरुस्तीनंतर शेती व पर्यटन हे विषय प्रदेशांच्या कक्षेत गेले असल्याने या कायद्यातील काही तरतुदी घटनात्मक न्यायालयाने २००७ मध्ये (निर्णय क्र. ३३९) रद्दबातल ठरविल्या. परिणामी आज २० प्रदेशांचे नियम वेगवेगळे आहेत. जेवणात स्वतःच्या शेतातील माल किती असावा याचे प्रमाणही प्रदेशागणिक बदलते.

प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत परिणामकारक अट म्हणजे शेतावर आधीपासून उभ्या असलेल्या इमारतींच्या वापराची. पाहुण्यांसाठी मोकळ्या रानात नवे हॉटेल बांधून त्याला हे नाव देता येत नाही. त्यामुळे पाहुणा झोपतो ती खोली बहुधा एके काळी कुळाची असते. जुन्या घरात खाली बैलांचा गोठा व वर, बाहेरच्या जिन्याने जावयाचे, स्वयंपाकघर आणि निजण्याच्या खोल्या असत. जनावरांची ऊब फळ्यांमधून वर यावी अशी ती योजना होती. आज गोठ्यात न्याहारीची टेबले असतात आणि भिंतीलगतची दगडी गव्हाण बशा ठेवण्यास वापरली जाते. कबुतरखान्याचा बुरूज शिल्लक असला तर ती सर्वांत महाग खोली ठरते.

२०१३ पासून राष्ट्रीय वर्गीकरणासाठी सूर्यफुलाचे चिन्ह स्वीकारण्यात आले असून एकपासून पाचपर्यंत सूर्यफुले दिली जातात. हॉटेलांच्या ताऱ्यांप्रमाणे केवळ सुखसोयी न मोजता शेताचा परिसर व शेतीशी जोडलेल्या सेवाही त्यात विचारात घेतल्या जातात. बोल्झानो प्रांतात शेतकरी संघटनेचे ‘लाल कोंबडा’ हे स्वतंत्र चिन्ह अधिक ओळखीचे आहे.

मुक्काम व दिनक्रम : मोसमात अनेक ठिकाणी शनिवार ते शनिवार असा आठवड्याचाच मुक्काम घेतला जातो. एका जागी आठवडा काढल्याने यजमानाच्या कामाचा क्रम पाहुण्याच्या दिवसात आपोआप शिरतो. सप्टेंबरात ‘वेन्देम्मिया’ म्हणजे द्राक्षांची तोडणी असते. पाहुण्यांना दोन घड सोडून पाहू देतात, परंतु पगाराशिवाय त्यांच्याकडून खरे काम करून घेणे कामगारविषयक नियमांत बसत नाही, त्यामुळे ‘शेतात राबण्याचा आनंद’ या जाहिरातीचा अर्थ मर्यादितच घ्यावा. ऑक्टोबरच्या अखेरीस ऑलिव्हची पाळी येते. झाडाखाली जाळी अंथरतात, लांब दांडीच्या फण्यांनी फांद्या विंचरतात, आणि फळांचे क्रेट शक्य तो त्याच दिवशी ‘फ्रान्तोयो’ म्हणजे घाण्यावर नेतात, कारण ढिगात तापलेल्या फळाचे तेल आंबूस होते. घाण्यातून निघालेले तेल गडद हिरवे व घशाला झोंबणारे असते. ते भाजलेल्या, लसूण चोळलेल्या पावावर ओततात. टस्कनीचा पाव अळणी असतो, त्यामुळे तेलाचा तिखटपणा अधिकच जाणवतो. पाहुण्याची पहिली प्रतिक्रिया ठसक्याची असते, आणि यजमान तिची वाट पाहत असतो.

जेवण हा या मुक्कामाचा गाभा आहे. पुष्कळ ठिकाणी संध्याकाळी एकाच लांब टेबलावर, निवडीला वाव न देता, जे शिजले असेल ते सर्वांना वाढले जाते. टस्कनीतील सिएनाच्या परिसरात ‘पीची’ हा पास्त्याचा प्रकार शिकविण्याचीही प्रथा आहे : पीठ, पाणी व थोडे तेल यांची कणीक मळून तिची वळी फळीवर तळहाताने लांबवीत नेतात, पाटावरच्या शेवया वळल्या आहेत अशा हाताला ती कला लवकर साधावी, मात्र पीची शेवईपेक्षा कितीतरी जाड असते. एकत्र बसण्याच्या या पद्धतीचा संबंध काही लोकसंस्कृती-अभ्यासक ‘वेल्या’शी जोडतात. हिवाळ्यात शेजारपाजारची कुळे एका घरी चुलीभोवती जमून सूत कातीत, कणसे सोलीत व गोष्टी सांगत, ती बैठक म्हणजे वेल्या. साम्य लक्षणीय आहे. सलग परंपरा मात्र मानता येत नाही, कारण घरे ओस पडली तेव्हा वेल्याही थांबली होती. आजच्या टेबलाला अधिक जवळचा संबंध १९८० नंतरच्या स्थानिक अन्नाच्या चळवळीशी दाखविता येतो. रोममधील स्पॅनिश पायऱ्यांच्या चौकात अमेरिकन पद्धतीचे झटपट खाद्यगृह उघडण्यास १९८६ मध्ये झालेल्या विरोधातून, पीडमाँटमधील ब्रा या गावच्या कार्लो पेत्रीनी यांच्या पुढाकाराने ‘स्लो फूड’ चळवळ वाढली आणि तिचा जाहीरनामा १९८९ मध्ये पॅरिस येथे मान्य झाला. आग्रितुरिस्मोचा कायदा व ही चळवळ एकाच दशकातील आहेत. दोहोंपैकी कोणी कोणाला जन्म दिला असे नाही, पण एकमेकांना गिऱ्हाइके निश्चित दिली.

दक्षिण व बेटे : दक्षिणेत मेत्झाद्रिया विशेष नव्हती. तेथे मोठ्या जमीनदाऱ्या असल्याने पूल्यात तटबंदीची ‘मास्सेरीआ’ व सिसिलीत बंदिस्त चौकाचे ‘बाल्यो’ ही शेतघरे आढळतात. यांपैकी काही आज इतकी आलिशान आहेत की ती आग्रितुरिस्मोच्या व्याख्येत न राहता सरळ हॉटेल म्हणून नोंदविली जातात. सार्डिनियात मेंढपाळ कुटुंबांच्या जेवणावळींनी या व्यवसायाला वेगळे रूप दिले. तेथे मुक्कामापेक्षा भोजन महत्त्वाचे असते.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. येथेही शेतकरीच यजमान असावा व शेती चालू असावी ही कल्पना समान आहे. मात्र महाराष्ट्रातील केंद्रांवर हुरड्याच्या दिवसांत येणारी एकदिवसीय सहल मोठ्या प्रमाणावर असते, आणि इटलीतील आठवड्याच्या मुक्कामासारखी सवय अजून फारशी रुळलेली नाही.