कम्युनिकेशन सिस्टिम्स आणि कम्युनिकेशन नेटवर्क्स: एकाच दुव्याचे दोन अभ्यास

विद्युत अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर विषयांच्या यादीत ही दोन नावे बहुधा शेजारीशेजारी असतात, आणि पदवीच्या वर्गात मॉड्युलेशन (माहिती लहरींवर चढवण्याची रीत) शिकून आलेला विद्यार्थी दुसरा विषय हा पहिल्याचाच पुढचा भाग आहे असे सहज धरून चालतो. वस्तुतः पहिल्या विषयाची झुंज नॉइजशी, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणाऱ्या नको त्या गोंगाटाशी आहे आणि दुसऱ्याची गर्दीशी.

हा फरक एकाच दुव्यावर, म्हणजे दोन टोकांना जोडणाऱ्या संदेशमार्गावर पाहता येतो. समजा, त्याची बँडविड्थ (वापरता येणाऱ्या वारंवारतांचा पट्टा) 10 लाख हर्ट्झ आहे आणि सिग्नलची शक्ती नॉइजच्या 15 पट आहे. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅननने 1948 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार 1 अधिक 15 म्हणजे 16, त्याचा 2 या पायाचा लॉगरिथम 4, म्हणून या दुव्याची कमाल मर्यादा सेकंदाला 40 लाख बिट ठरते. त्या मर्यादेच्या जवळ कसे पोहोचायचे, हा कम्युनिकेशन सिस्टिम्सचा प्रश्न; त्याची व्यवहार्य उत्तरे सापडायला किती काळ लागला, हे 1993 मध्ये पुढे आलेल्या टर्बो कोडच्या (चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून संदेशात जादा बिट घालण्याची एक रीत) सालावरूनच कळते.

नेटवर्क्सचा अभ्यासक हे 40 लाख बिट गृहीत धरतो आणि तिथून सुरुवात करतो. पॅकेट, म्हणजे एकत्र पाठवला जाणारा माहितीचा तुकडा, सरासरी 4000 बिटांचे असेल, तर दुवा सेकंदाला 1000 पॅकेटे पुढे पाठवू शकतो. पॅकेटांचे आगमन पॉयसाँ प्रक्रियेने (एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वाटेल त्या क्षणी) होते आणि त्यांची लांबी घातांकी वितरणाने (लहान पॅकेटे जास्त, मोठी कमी) बदलते असे मानले, तर सेकंदाला 500 पॅकेटे येत असताना प्रत्येकाला रांगेतल्या थांब्यासह सरासरी 2 मिलिसेकंद लागतात, 900 येत असताना 10, आणि 990 येत असताना तब्बल 100. आवक 900 वरून 990 वर गेली, म्हणजे दहा टक्क्यांनीच वाढली, पण विलंब दहापट झाला. आणि या सगळ्या हिशेबात नॉइजचा उल्लेखही आला नाही.

गर्दीच्या या विचाराचे मूळ शॅननच्याही आधीचे आहे. टेलिफोन एक्सचेंजवर येणाऱ्या कॉलचे गणित डॅनिश गणितज्ञ एर्लांगने कोपनहेगनमध्ये 1909 मध्येच मांडले होते. म्हणूनच नेटवर्क्सच्या वर्गात मार्कोव्ह साखळ्या (पुढची स्थिती फक्त सध्याच्या स्थितीवर अवलंबून असणाऱ्या प्रक्रिया), रांगांचा सिद्धांत, आलेख आणि इष्टतमीकरण यांवर भर असतो, तर सिस्टिम्सच्या वर्गात डिटेक्शन (नॉइजमधून सिग्नल ओळखणे), एस्टिमेशन (त्याचे मूल्य अंदाजणे) आणि रेषीय बीजगणित यांवर. संभाव्यता दोन्हीकडे लागते, आणि माझ्या मते गोंधळ तिथेच सुरू होतो, कारण पहिल्या सत्रातला यादृच्छिक प्रक्रियांचा विषय दोघांनाही सारखाच घ्यावा लागतो. (नेटवर्क्स म्हणजे राउटरची मांडणी शिकणे, हा आणखी एक गैरसमज, त्यासाठी पदव्युत्तर पदवीची गरज नाही.)

गर्दीचा दोष वेगळ्या जातीचा असतो. ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिच्यापासून सुमारे 400 यार्डांवर असलेले बर्कलीचे विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. अधिक चांगला कोड वापरून हे सुधारले नसते, कारण पॅकेटे गर्दीत अडकत होती आणि पाठवणारे संगणक ती पुन्हा पुन्हा पाठवून गर्दीत भरच घालत होते. त्याच प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसनने 1988 मध्ये मांडलेला उपाय असा होता की पाठवणाऱ्यानेच गर्दी ओळखून आपला वेग आवरावा.

बिनतारी माध्यमात मात्र ही सीमा पुसट होते. एकच माध्यम अनेकांनी वाटून वापरण्याच्या साध्या अलोहा पद्धतीत प्रत्येकजण वाटेल तेव्हा पाठवतो आणि टक्कर झालेली पॅकेटे वाया जातात, म्हणून माध्यमाचा उपयोग फार तर 18.4 टक्के होतो. पण हा आकडा टक्कर झालेले काहीच वाचता येत नाही या गृहीतकावर उभा आहे, आणि एकमेकांत मिसळलेले सिग्नल वेगळे करू शकणारा रिसीव्हर मिळाला की गणित पुन्हा करावे लागते. अशा विषयावर प्रबंध करणाऱ्याला दोन्ही वर्गांत बसण्यावाचून गत्यंतर नसते.