फोटोग्राफी कोर्स आणि वर्कशॉपचा अर्ज: फोटो चांगले असूनही तो कुठे अडतो

डिजिटल फोटोग्राफी शिकवणाऱ्या संस्थांचे अर्ज भरायला मी बरीच वर्षं लोकांना मदत करते आहे. अर्ज परत आला की माणूस पहिल्यांदा म्हणतो, "माझे फोटोच चांगले नसतील." मेल उघडून बघावा तर त्यात फोटोंबद्दल चकार शब्द नसतो. मूळ फाइल मिळाली नाही, संमतीपत्र जोडलेलं नाही, फॉरमॅट चालत नाही, मुदतीनंतर आला, अशीच काहीतरी कारणं असतात. म्हणजे परीक्षकांपर्यंत फोटो पोचलेलेच नसतात, अर्ज छाननीतच बाद झालेला असतो. मनापासून शिकू पाहणारी माणसं इथे खचतात आणि पुन्हा अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

एका दिवसाचं वर्कशॉप असेल तर नाव नोंदवा, फी भरा, काम झालं. खालचं सगळं आहे ते पोर्टफोलिओ, म्हणजे तुमच्या निवडक फोटोंचा संच, पाहून निवड करणाऱ्या कोर्ससाठी. ओळखपत्र, पासपोर्ट साइझ फोटो, फीची पावती यांत सहसा कुणाचं अडत नाही. नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षर न बदलता लिहा. वय १८ पूर्ण नसेल तर पालकांची सही लागते.

पात्रता: कुठल्या पातळीला अर्ज करायचा

'पाच वर्षं कॅमेरा वापरतोय, म्हणजे इंटरमिजिएट' असा हिशोब करू नका. संस्था वर्षं मोजत नाही. कॅमेरा 'एम' म्हणजे मॅन्युअल मोडवर ठेवा. एक फोटो पळणाऱ्या मुलाचा काढा आणि एक खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा, चेहरा नीट दिसेल असा. अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडायचं), शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा) आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) स्वतः ठरवून हे दोन्ही जमत असेल तर इंटरमिजिएटला जा. जमत नसेल तर बेसिकला अर्ज करा. वरच्या वर्गात जाऊन पहिल्याच आठवड्यात मागे पडलेली आणि फी परत न मिळालेली माणसं मी पाहिली आहेत.

'मॅन्युअल कंट्रोल असलेला कॅमेरा आवश्यक' या अटीत कॅमेरा तुमच्याच मालकीचा हवा असं बहुधा लिहिलेलं नसतं. मैत्रिणीचा किंवा भाड्याचा कॅमेरा चालतो का, हे मेल करून विचारा. चालत असेल तर मालकाचं दोन ओळींचं पत्र घ्या आणि त्यात मॉडेल व सिरियल नंबर लिहा. हा नंबर बहुतेक कॅमेऱ्यांच्या तळाशी असतो. फोनच्या 'प्रो मोड'वर भागेल का, हेही लेखी विचारा. फोनवर मिळालेलं 'हो, चालेल' ऐन वेळी कामाला येत नाही.

मूळ फाइल: जी कुणाकडेच नसते

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात. पहिल्या फेरीत तुम्ही एडिट केलेले जेपीईजी पाठवता. निवड झाली की मेल येतो: 'अमुक तीन फोटोंच्या मूळ फाइल्स ४८ तासांत पाठवा.' आणि मग शोधाशोध सुरू होते. कार्ड कधीच फॉरमॅट झालेलं असतं, जागा कमी पडली म्हणून रॉ फाइल्स (कॅमेऱ्यानं टिपलेली माहिती प्रक्रिया न करता साठवणाऱ्या मोठ्या फाइल्स) डिलीट केलेल्या असतात आणि हाताशी उरते ती ग्रुपवर टाकलेली प्रत.

संस्था हे का मागतात तेही समजून घ्या. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेत २०१५ साली शेवटून दुसऱ्या फेरीत पोचलेल्या फोटोंपैकी सुमारे २० टक्के फोटो मूळ फाइलशी ताडून पाहिल्यावर बाद झाले होते. फोटो तुम्हीच काढलाय का आणि एडिटिंगमध्ये त्यात काय बदललं, हे कळायला मूळ फाइलइतका सरळ मार्ग दुसरा नाही. मागणी रास्त आहे. माझी तक्रार एवढीच की ही अट माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापायला हवी. ती निवड झाल्यावर कळवण्यात काय अर्थ आहे? तोवर फाइल गेलेली असते.

मूळ फाइल म्हणजे कॅमेऱ्यानं कार्डावर लिहिलेली, कुणीही हात न लावलेली फाइल. रॉवर काढत असाल तर कॅननची सीआर२ किंवा सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. जेपीईजीवरच काढत असाल तर कॅमेऱ्यातून जशी आली तशी जेपीईजी. रॉ नाही म्हणून आपण अपात्र, असं परस्पर ठरवू नका. कॅमेऱ्यातली अस्पर्श जेपीईजी चालेल का, हे विचारा, पुष्कळदा चालते. उलट अनुभवही येतो. रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं २०१५ सालीच आपल्या फ्रीलान्स फोटोग्राफरांना रॉवरून तयार केलेले फोटो नकोत, कॅमेऱ्यातच काढलेले जेपीईजी पाठवा, असं कळवलं होतं. कोण काय मागेल सांगता येत नाही, म्हणून आजपासून कॅमेरा 'रॉ + जेपीईजी' वर ठेवा. कार्ड लवकर भरेल, ते परवडलं.

हातातली फाइल मूळ आहे का, हे विंडोज कॉम्प्युटरवर लगेच कळतं. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग डिटेल्स उघडा. कॅमेऱ्याचं मॉडेल, शटर स्पीड, आयएसओ, फोटो काढल्याची तारीख असं सगळं तिथे दिसायला हवं. या नोंदींना एक्झिफ म्हणतात. ते रकाने कोरे असतील आणि फाइलच्या नावात तारखेनंतर 'डब्ल्यूए' ही अक्षरं असतील, तर ती व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत आहे. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवताना तो लहान करतं आणि एक्झिफही काढून टाकतं. त्यावरून पाठवण्याशिवाय इलाजच नसेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते.

तारखेचा रकाना आणखी एका कारणासाठी बघा. बऱ्याच अर्जांत 'गेल्या दोन वर्षांत काढलेले फोटो' अशी अट असते. कॅमेरा महिनोन्‌महिने बॅटरीशिवाय पडून राहिला की त्यातलं घड्याळ मागे जातं आणि परवाच्या फोटोवर कुठल्या तरी जुन्या वर्षाची १ जानेवारी उमटते. छाननी करणारा तीच तारीख वाचणार. ती सॉफ्टवेअरनं बदलायच्या फंदात पडू नका, फाइलमध्ये छेडछाड दिसली तर प्रकरण वाढतं. अर्जाबरोबर खुलासा द्या, त्याच दिवशी फोनवर काढलेला फोटो असेल तर तोही जोडा.

पोर्टफोलिओच्या फाइल्स

'हाय रिझोल्यूशन, ३०० डीपीआय, कमाल २ एमबी.' हे वाक्य लिहिणाऱ्यानं ते स्वतः एकदा करून पाहायला हवं. डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे एवढंच. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या फाइलवर ७२ लिहा नाहीतर ३००, पिक्सेल तेवढेच राहतात. अर्जात खरं तर लांब बाजू किती पिक्सेल हवी ते सांगायला हवं, आणि नेमकं तेच नसतं. तोवर एवढं करा: एक्सपोर्ट करताना लांब बाजू २५०० पिक्सेल, क्वालिटी ८० च्या आसपास, रिझोल्यूशनच्या चौकटीत ३००. बहुतेक फोटो २ एमबीच्या आत येतात. पानं, गवत, वाळू असा बारीक पोत असलेला फोटो येत नाही, तिथे क्वालिटी ७० करा. फाइल लहान व्हावी म्हणून स्क्रीनशॉट काढून पाठवणं मात्र कटाक्षानं टाळा.

कलर स्पेस, म्हणजे फाइलमध्ये रंगांचा किती पल्ला साठवायचा ती सेटिंग, एसआरजीबी ठेवा. कॅमेऱ्यात अ‍ॅडोबी आरजीबी हा दुसरा पर्याय निवडलेला असेल आणि संस्थेच्या पोर्टलनं फाइलमधलं प्रोफाइल (रंग कसे वाचायचे याची नोंद) काढून टाकलं, तर रंग फिके, मळकट दिसतात. तुमच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसत असतो, म्हणून हे तुम्हाला कळतसुद्धा नाही.

आयफोनवाल्यांसाठी: २०१७ साली आलेल्या आयओएस ११ पासून फोन हाइक (एचईआयसी) प्रकारच्या फाइल्स बनवू लागला आणि कित्येक पोर्टल त्या उघडत नाहीत. फाइलच्या नावापुढचं एचईआयसी खोडून जेपीजी लिहिलं म्हणून फाइल बदलत नाही, ती खरोखर कन्व्हर्ट करावी लागते. पुढच्या फोटोंसाठी सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल' असं निवडा.

अर्जात आता 'एआयचा वापर केलेला नाही' असं घोषणापत्रही असतं. त्यावर डोळे झाकून टिक करू नका. नॉइज म्हणजे फोटोतले दाणे कमी करायचं टूल वेगळं आणि फोटोत नसलेला भाग एआयकडून भरून घेणारं जनरेटिव्ह फिल वेगळं. आकाशातली विजेची तार जनरेटिव्ह टूलनं पुसली असेल, तर त्या जागी दिसणारं आकाश कॅमेऱ्यानं टिपलेलं नाही. तसं स्पष्ट लिहा किंवा तो फोटो बदला. खोटं घोषणापत्र सापडलं तर नुसता फोटो बाद होत नाही, अख्खा अर्ज जातो.

संमतीपत्र

फोटोत चेहरा ओळखू येत असेल तर त्या व्यक्तीचं संमतीपत्र जोडा, असं अर्जात असतं. ते कुणाकडे असतं? रस्त्यात भेटलेल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढताना सही घ्यावी हे कुणी शिकवलेलंच नसतं. ते शिकायलाच तर माणूस कोर्सला येतो.

घाबरून फोटो काढून टाकण्याआधी अटीची ओळ पुन्हा वाचा. 'संस्थेनं प्रसिद्ध करायच्या फोटोंसाठी' असं लिहिलं असेल, तर फक्त निवडीसाठी पाठवताना संमतीपत्र लागत नाही. 'सर्व फोटोंसाठी' असं असेल तर ज्यांना पुन्हा गाठता येईल अशा माणसांचेच फोटो ठेवा. पत्रात त्या व्यक्तीचं नाव, फोटोची तारीख, फोटो कशासाठी वापरला जाईल आणि सही एवढं हवं. कोपऱ्यात त्याच फोटोची छोटी प्रत छापा, म्हणजे कुठलं पत्र कुठल्या फोटोचं हा घोळ होत नाही. लहान मुलाच्या फोटोसाठी आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांचीच सही चालते. वर्गशिक्षिकेची किंवा मावशीची सही असलेली पत्रं परत आलेली मी पाहिली आहेत. आणि सही घेताना फोटो त्यांना दाखवा. नको म्हणाले तर विषय तिथेच सोडा.

त्याच पानावर संस्थेला तुमचे फोटो वापरायची परवानगी देणारं कलम असतं. जाहिरातीसाठी मर्यादित वापर ठीक आहे. 'सर्व हक्क संस्थेकडे' असं असेल तर सही करण्याआधी विचारा, बदलून मागा.

तारखा

'१५ तारखेला रात्री १२ पर्यंत' म्हणजे १४ ची रात्र की १५ ची? लिहिणाऱ्यानं स्पष्ट केलेलं नसेल तर १४ धरा. ऑनलाइन कोर्सच्या वेळेपुढे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलं असेल तर ती तुमच्या घड्याळातली वेळ नव्हे, आधी हिशोब करा. टपालानं प्रिंट मागवल्या असतील तर त्या तारखेला पोचायला हव्यात की त्या तारखेचा शिक्का चालेल, हे वाचा.

लोक हमखास विसरतात ती दुसरी तारीख. निवड झाल्यावर ठरावीक दिवसांत जागा निश्चित करण्याची रक्कम भरावी लागते. तो मेल स्पॅममध्ये जातो आणि जागा पुढच्या माणसाला मिळते. शिफारसपत्राचंही तसंच आहे. लिंक थेट शिफारस करणाऱ्याला जाते आणि त्यांचीही मुदत तीच असते. त्यांना आठवडाभर आधी फोन करा आणि पत्र अपलोड झालं का ते पोर्टलवर स्वतः बघा. काही वर्कशॉप 'जागा भरेपर्यंत' या तत्त्वावर चालतात, तिथे शेवटच्या तारखेला फारसा अर्थ नसतो. पुरेशी माणसं न जमल्यास वर्कशॉप रद्दही होतं, म्हणून ते नक्की झाल्याचा मेल येईपर्यंत प्रवासाचं तिकीट काढू नका.

'तुम्हाला हा कोर्स का करायचा आहे?'

'मला लहानपणापासून फोटोग्राफीची आवड आहे' हे वाक्य खोडा. ते प्रत्येक अर्जात असतं. काय जमत नाही ते लिहा. एकीनं लिहिलं होतं, 'माझ्या आजीचे फोटो काढते तेव्हा तिची पांढरी साडी नुसता पांढरा डाग होते, घड्या दिसतच नाहीत, आणि ते कसं सुधारायचं मला कळत नाही.' शिकवणाऱ्याला या एका वाक्यातून तिची पातळी कळली, विषय कळला आणि नड कळली. तिला प्रवेश मिळाला.

नकार आला तर

मेलमध्ये 'अपूर्ण' किंवा 'अपात्र' लिहिलंय की 'निवड झाली नाही', ते बघा. अपूर्ण असेल तर नेमकं काय कमी पडलं ते त्याच दिवशी लेखी विचारा. मुदत शिल्लक असली तर दुरुस्त अर्ज बऱ्याच ठिकाणी घेतात, पण आपण होऊन कुणी सांगत नाही. 'निवड झाली नाही' असेल तर प्रतीक्षा यादीत नाव घालता येतं का आणि परीक्षकांचा अभिप्राय मिळतो का, या दोन्ही गोष्टी एकाच मेलमध्ये विचारा. निवड झालेल्यांपैकी काही जण पैसे भरत नाहीत, त्यामुळे यादीतली नावं पैसे भरायची मुदत संपल्यावर वर सरकतात. त्या दिवसांत रोज मेल बघा, स्पॅमसकट.